सुवर्चेचा होकार

वृत्रासुराच्या वधासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी देवांना दिल्या, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शिवपुराणातील तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. ऋषिपत्नी सुवर्चा त्या वेळी जवळ नव्हती. तिला निमित्त काढून आश्रमात पाठविण्यात आले होते. ती परतली तेव्हा पती गेलेले आणि देव अस्थी घेऊन मोकळे झालेले. तिने देवांना शाप दिला. अवयवदानाविषयी वाचताना मला या सुवर्चेची वारंवार आठवण होते. कारण आज दान मागावयाचे ते तिच्याकडेच.

ते कसे, हे समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहिले पाहिजे. हृदय बंद पडून मृत्यू आला, तर बहुधा डोळे, त्वचा एवढेच घेता येते. डोळे तर घरी मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत देता येतात. परंतु डोक्याला जबर मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन कधी कधी मेंदूचा मूळ स्तंभ कायमचा निकामी होतो. श्वास यंत्राने चालतो, हृदय काही काळ धडधडत राहते. पण ही बेशुद्धी नव्हे, मृत्यूच होय. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो मान्य केला आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासल्यावाचून तो जाहीर करता येत नाही.

आता नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली आई डोळ्यांपुढे आणा. सकाळी मोटारसायकलवर गेलेला मुलगा आत आहे. त्याची छाती वरखाली होताना तिला दिसते, हात लावला तर ऊब लागते. आणि डॉक्टर सांगतात, तो गेला. हे गळी उतरण्यापूर्वीच दुसरा प्रश्न पुढे येतो: त्याचे अवयव द्याल का? विचाराला फार सवड नसते, कारण रक्तदाब ढासळू लागतो. काढलेले हृदय तर चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावे लागते. नांदेडहून मुंबई म्हणजे रेल्वेने रात्रभराची वाट! म्हणूनच २०१६ साली नांदेडात असे दान झाले, तेव्हा अवयव वेळेत पोहोचावेत यासाठी रस्ता मोकळा करून द्यावा लागला होता.

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. दोनच महिन्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातला पहिला प्रयत्न केला. बर्नार्ड यांचे नाव जगभर झाले. परंतु ते हृदय होते डेनिस डार्व्हल या पंचवीस वर्षांच्या तरुणीचे. ज्या अपघाताने ती गेली, त्याच अपघातात तिची आईही गेली होती; आणि त्याच दिवशी वडिलांनी, एडवर्ड डार्व्हल यांनी, होकार दिला. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आपल्याकडे दात्याचे घर आणि रुग्ण यांची नावे परस्परांना कळविली जात नाहीत. देवघेवीचा व्यवहार होऊ नये, हा हेतू योग्यच. पण त्यामुळे जगलेल्या माणसाला आभार कोणत्या दारी मानावेत हेच ठाऊक नसते. ते दार ठाऊक असते शेजाऱ्यांना, भावकीला. आणि तेथे काय घडते? सांत्वनाला आलेला माणूस उंबऱ्याबाहेर पडताच कुजबुजतो, "किती मिळाले असतील हो?" मला ही कुजबूज शापाहून वाईट वाटते. कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्या घराला एक पैसाही मिळत नाही. मात्र अवयव काढण्याचा व नेण्याचा खर्चही त्याच्यावर पडत नाही. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार करण्याचे जाहीर केले. आपल्या गावी तसे घडले, तर निदान ही कुजबूज तरी थांबेल, असे मला वाटते.

आपल्यापैकी अनेकांनी दानाचा अर्ज भरला असेल. तरीही ऐन वेळी घरच्यांना विचारल्यावाचून प्रत्यक्षात कोणी अवयव काढीत नाही. म्हणून मी दिवाळीच्या सुटीत आईजवळ विषय काढला. "अभद्र बोलू नको," म्हणून ती चुलीकडे वळली. तिचा होकार अजून मिळावयाचा आहे.