विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश

'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या थट्टेने म्हटली जात आली आहे. वय वाढले की बुद्धी मंदावायची, स्मरण दगा द्यायचे, आणि त्याला इलाज नाही, अशी समजूत तिच्या मुळाशी आहे. 'म्हातारचळ' हा शब्दही याच समजुतीतून रूढ झाला असावा. या समजुतीत तथ्याचा अंश थोडा व हानी मात्र मोठी आहे. कारण घरातील वडीलधारे माणूस खरोखरीच आजारी पडू लागते, तेव्हा 'आता वय झाले' या तीन शब्दांत त्या आजाराची बोळवण होते आणि पहिली दोन-तीन वर्षे, ज्या काळात काही करता येण्यासारखे असते, ती तशीच निघून जातात.

गोव्यात वार्धक्य व मानसिक आरोग्य या विषयावर झालेला एक अभ्यास सन २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या पाहण्यातील होती. पण तो आजार आहे व त्यासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा, असे लोकांस वाटत नव्हते, असे त्यात आढळून आले. त्यामुळे प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच येत. समाजात मिसळून काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र अशी माणसे चांगली ठाऊक होती! याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट दिसली. मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाची ही दशा झाली, असे मानण्याचा लोकांचा कल होता. म्हणजे एकीकडे आजार नाकारायचा आणि दुसरीकडे दोष घरच्यांच्या माथी मारायचा. अशा स्थितीत कोणते कुटुंब ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवील? ती झाकून ठेवण्याकडेच प्रवृत्ती होते.

म्हणीचा खरेखोटेपणा आकड्यांवरूनही पाहता येतो. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके होते. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक व ग्रामीण भागात शहरांपेक्षा अधिक आढळले. संख्या लहान नव्हे. तथापि शंभर वृद्धांपैकी ब्याण्णवांहून अधिक जणांना हा आजार नसतो, हेही त्याच आकड्यांवरून सिद्ध होते. जी अवस्था बहुसंख्यांना येतच नाही, तिला वयाचा धर्म कसे म्हणावे? वय वाढेल तसा धोका वाढतो, हे खरे. पण वय हे कारण नव्हे.

स्मृतिभ्रंश हे एकाच रोगाचे नाव नाही. मेंदूतील पेशींचा ऱ्हास होऊन स्मरण, विचार, भाषा व व्यवहारज्ञान खालावते आणि त्यामुळे नित्याची कामे स्वतंत्रपणे करणे कठीण होते, त्या अवस्थेस हे नाव आहे. तिच्या मुळाशी निरनिराळे रोग असतात. त्यांतील सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर रोग होय. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी सन १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीची प्रकृती बारकाईने नोंदवून ठेवली होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून सन १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. या स्त्रीच्या घरच्यांना प्रथम जाणवला तो तिचा विसरभोळेपणा नव्हे, तर पतीविषयीचा अकारण संशय. स्मरणशक्तीचा ऱ्हास त्यानंतर ध्यानात आला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता मुख्य प्रश्न. साधा विसराळूपणा कोणता आणि आजाराची चाहूल कोणती?

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे व दोन तासांनी आपोआप आठवणे, आतल्या खोलीत कशासाठी आलो याचा क्षणभर विसर पडणे, हे सर्व उतारवयात सर्रास घडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. येथे विसरलेल्या गोष्टीचा धागा तुटलेला नसतो. कोणी आठवण करून दिली की तो पुन्हा हाती लागतो. आजारात धागाच सुटतो. सकाळी पुतण्या येऊन, चहा घेऊन, तासभर गप्पा मारून गेला. दुपारी त्याचा विषय निघाला तर 'तो कधी आला होता?' असा प्रश्न येतो आणि सांगूनही आठवत नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारला जातो व आपण तो आधी विचारला होता याची जाणीव नसते. याउलट चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील पंगतीचे वर्णन अगदी तपशीलवार होते. घरचे लोक नेमके येथेच फसतात. 'जुने सगळे आठवते, म्हणजे स्मरण चांगलेच आहे,' असे ते म्हणतात. परंतु आरंभी नवे साठवण्याची शक्ती जाते. जुने पुष्कळ काळ टिकून राहते.

दुसरी खूण व्यवहारात दिसते, आणि आमच्या मते स्मरणापेक्षाही तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. माणूस जन्मभर जे काम सहज करीत आला, त्यातच अडखळू लागतो. जिच्या हातच्या मोदकांची घरादारात वाखाणणी होत असे, ती आजी चतुर्थीच्या दिवशी उकड काढताना पुढे काय करायचे या विचारात थबकते. आमटीत मीठ दोनदा पडते किंवा पडतच नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वर्षानुवर्षे घासाघीस करणारे गृहस्थ सुट्या पैशांचा हिशेब जमेना म्हणून सगळे पाकीटच विक्रेत्यापुढे धरतात. निवृत्त कारकून बँकेच्या पावतीवर रक्कम कोठे लिहावी याबाबत गोंधळतात. नेहमीच्या बसथांब्यावर उतरूनही घराची वाट सापडत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या एके दिवशी दुप्पट घेतल्या जातात, दुसऱ्या दिवशी मुळीच नाहीत. येथे तुलना शेजारच्या म्हाताऱ्याशी करावयाची नसून त्याच माणसाच्या पूर्वीच्या रीतीशी करावयाची असते. ज्याला हिशेब कधीच जमला नाही, त्याला तो आज जमला नाही तर त्यात नवल नाही.

भाषेतही फरक पडतो. साध्या वस्तूचे नाव सुचत नाही व 'ते हे', 'त्याचे ते' असे शब्द वाढतात. वाक्य मध्येच सोडून दिले जाते. काही जण मग बोलणेच कमी करतात. भजनी मंडळात जाणे बंद होते, लग्नकार्ये टाळली जातात. लोकांना वाटते, स्वभाव एकांतप्रिय झाला. प्रत्यक्षात चारचौघांत आपली चूक उघडी पडेल या भीतीने ते माणूस मागे सरत असते.

आणि आता संशयाविषयी. कपाटात स्वतःच ठेवलेली सोन्याची बांगडी सापडत नाही, ठेवल्याची आठवण तर पुसली गेलेली; तेव्हा ती कोणीतरी नेली, हा निष्कर्ष त्या मनाला अपरिहार्यच वाटतो. आळ येतो तो बहुधा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर, म्हणजे सुनेवर, मुलीवर किंवा कामास येणाऱ्या बाईवर. 'मला जेवायला घातले नाही,' अशी तक्रार शेजाऱ्यांकडे जाते; जेवण झालेले असते, पण ते आठवत नाही. या एका लक्षणाने किती घरे दुभंगली असतील, किती सुनांनी निष्कारण बोल सोसले असतील, याची गणती कोण करणार? जी अधिक सेवा करते तिच्यावरच अधिक आळ, असा हा विचित्र न्याय आहे. पूर्वी तसा स्वभाव नसलेल्या माणसात असा संशय नव्याने उद्भवला, तर तो स्वभावदोष न समजता लक्षण समजावे. वाद घालून, पुरावे दाखवून तो दूर होत नाही. 'आपण मिळून शोधू या' असे म्हणून बांगडी शोधू लागणे अधिक हिताचे ठरते.

क्वचित स्मरण शाबूत असून वागणूक आधी बदलते. मर्यादशील माणूस लाजलज्जा सोडून बोलू लागते, दुसऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन होते. काहींना नसलेली माणसे वा प्राणी स्पष्ट दिसतात आणि चालही मंदावते. पक्षाघाताच्या झटक्यांनंतर पायरीपायरीने होणारी घसरण हा आणखी एक प्रकार. हे भेद ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. घरच्यांनी पाहिलेले नीट सांगितले म्हणजे पुरे.

विसर पडतो म्हणजे स्मृतिभ्रंशच, असे मात्र कोणीही घरबसल्या ठरवू नये. 'ब-१२' या जीवनसत्त्वाची उणीव, कंठस्थ ग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे मंद कार्य, झोपेच्या गोळ्या, तसेच सर्दी व मूत्रविकार यांवरील काही औषधे, मद्यपान, यांमुळेही बुद्धी मंदावते आणि योग्य उपायांनी पुष्कळदा सुधारते. शुद्ध शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत 'ब-१२' ची उणीव विशेष संभवते. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला किरकोळ मार लागला, त्याला महिना झाला, आणि आता माणूस गुंगल्यासारखे वागते, अशा वेळी कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू रक्त साकळलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने काढता येते. विषण्णतेचा विकारही स्मृतिभ्रंशाचे सोंग घेतो. विषण्ण माणूस 'मला काहीच आठवत नाही' अशी तक्रार स्वतः होऊन करते, तर स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा 'मला काही झालेले नाही' असे म्हणून चूक झाकतो. ऐकू कमी येणे व मोतीबिंदू यांचीही तपासणी व्हावी. जे ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहणार?

एका बाबतीत मात्र क्षणाचाही विलंब नको. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. कालपर्यंत ठीक असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले, दिवस-रात्र ओळखेना, ग्लानीत गेले, तर तो वार्धक्याचा चळ नसून बहुधा जंतुसंसर्ग, रक्तातील मिठाचे वा साखरेचे प्रमाण बिघडणे, पक्षाघात किंवा औषधाची बाधा असते. त्यास त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही न्यावी. कोणती गोष्ट प्रथम केव्हा लक्षात आली, त्यानंतर काय वाढले, याच्या तारीखवार नोंदी तिच्यात असाव्यात. चालू असलेली सर्व औषधे, वैदूची व दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्यावीत. रुग्णाबरोबर रोज राहणारी व्यक्तीच जावी. सुट्टीवर आलेल्या मुलास फारसे सांगता येत नाही. तेथे वार, महिना, ठिकाण विचारणे, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा म्हणावयास लावणे, घड्याळाचे चित्र काढावयास सांगणे अशा चाचण्या होतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धेस चित्र काढता आले नाही, तर त्यावरून निदान करणे अन्यायाचे होईल. हरयाणातील बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली, ती याच कारणाने. गोव्यात तर कोणाचे शिक्षण मराठीत, कोणाचे पोर्तुगीजमध्ये, आणि घरची बोली कोंकणी. तेव्हा ज्या भाषेत माणूस मोकळे होते त्या भाषेत प्रश्न विचारले जावेत, असा आग्रह घरच्यांनी धरण्यास संकोच करू नये.

अल्झायमर रोग समूळ बरा करणारे औषध उपलब्ध नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात, एवढेच. मग लवकर ओळखून लाभ काय, असे कोणी विचारील. लाभ असा की रुग्ण समजत्या स्थितीत असतानाच त्याच्या इच्छा विचारता येतात. मृत्युपत्र करण्यास मन सावध असावे लागते. साधे मुखत्यारपत्र, करून देणाऱ्याची बुद्धी अव्यवस्थित झाली की कायद्याने संपुष्टात येते; म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहणेही धोक्याचे. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये आपल्यावर कसे उपचार व्हावेत याचा पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आहे. तोही वेळीच वापरावा लागतो. बँकेतील खाते, ठेवींवरील नामनिर्देशन, निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी द्यावयाचा हयातीचा दाखला, या बाबी कागदावर लिहून घरातील एकाहून अधिक व्यक्तींस माहीत असाव्यात. त्याच काळात स्वयंपाकघरातील गॅस, न्हाणीघरातील निसरडी फरशी, विहिरीचा उघडा कठडा यांचाही बंदोबस्त करून घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्याचे काय, हा विषय आपल्याकडे सहसा निघतच नाही. गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांच्या साहाय्याने केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष सन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजाराची माहिती देत, रुग्णाशी कसे वागावे ते सांगत व शुश्रूषा करणाऱ्यांचे ऐकून घेत. एवढ्यानेच त्या शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे दिसून आले. घरातील एकाच स्त्रीवर हा सारा भार पडला असेल, तर आठवड्यातील एखादी संध्याकाळ तरी तिला मोकळी मिळेल अशी वाटणी कुटुंबाने करावी.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. तेथून आवश्यकतेप्रमाणे बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा तेथीलच मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत पाठविले जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा व मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. दोन्ही सेवा निःशुल्क आहेत.