वासरांची हगवण व आतड्याचे अस्तर

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जी वासरे दगावतात, त्यांपैकी पुष्कळशी हगवणीने दगावतात. हगवण लागताच वासराचे दूध तोडावयाचे व पाणीही बेताने द्यावयाचे, अशी रीत अनेक गोठ्यांत आढळते. पोट रिकामे राहिले म्हणजे आतड्यास विसावा मिळतो, असा त्यामागील समज. आतड्याच्या अस्तराची घडण ध्यानी घेतल्यास हा समज किती घातक आहे ते दिसून येईल.

लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांवरील पेशी करतात. या पेशींचे आयुष्य अवघ्या काही दिवसांचे. अंकुराच्या टोकाशी पोचल्या की त्या गळून पडतात. अंकुरांच्या तळाशी बारीक खळगे असून त्यांत मूळ पेशी वसतात. त्या सतत दुभागतात, आणि नव्या पेशी हळूहळू वर सरकत जुन्यांची जागा घेतात. कॅनडातील शास्त्रज्ञ शार्ल लब्लाँ यांनी १९४८ साली उंदरांवरील अभ्यासातून हे अखंड नवीकरण दाखवून दिले. खळग्यातील नेमक्या कोणत्या पेशी हे कार्य करतात, याचा पुरावा नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दिला. उंदरांत हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. डुकराच्या नवजात पिलांत मात्र आठवडा वा अधिक काळ लागतो.

लसूणघासाचा वाफा डोळ्यांपुढे आणावा. घास कापला तरी बुंधा जिवंत असेल तर पुन्हा फुटतो. वासरांत हगवण आणणारा रोटा विषाणू अंकुरांवरील वाढलेल्या पेशींचा नाश करतो. खळग्यांतील मूळ पेशी बहुधा शाबूत राहतात. (कुत्र्यांच्या पार्व्हो रोगात उलट बुंध्यावरच घाव पडतो, म्हणून तो इतका भयंकर.) तेव्हा वासराचे अस्तर पुन्हा उगवणार असते, परंतु ते उगवेपर्यंत शरीरातील पाणी व क्षार वाहून गेल्याने वासरू मरते. खरी झुंज या थोड्या दिवसांची आहे.

उरलेल्या पेशी मीठ व ग्लुकोज एकत्र असल्यास दोन्ही शोषून घेतात, आणि त्यांमागोमाग पाणीही आत जाते. जलसंजीवनीचा गुण यातच आहे. वासरांसाठीची क्षारपूड पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणावी. ती हाती येईपर्यंत माणसांसाठीच्या पुडीवर तात्पुरते भागवावे. द्रावण कोमट असावे. वासराच्या आकारमानानुसार एका वेळी एक ते दोन लिटर, दिवसातून तीन-चार वेळा पाजावे. दूध तोडू नये. ते थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे, कारण नव्या पेशी घडण्यास पोषण लागते. द्रावण दुधात मिसळू नये; दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत न झाल्यास, डोळे खोल गेले असल्यास, अथवा वासरू उठत वा चोखत नसल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. अशा वासरास शिरेतून सलाईन द्यावे लागते. आडव्या पडलेल्या वासराच्या तोंडात बळेच द्रावण ओतू नये, ते फुप्फुसात उतरते. आजारी वासरू वेगळे बांधावे व त्याची सेवा निरोगी वासरांनंतर करावी. हगवणीचे काही जंतू माणसांसही बाधतात, म्हणून त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.