मुंबईची जुनी जमीनदार घराणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईतल्या जुन्या घराण्यांना, विशेषतः पारशी शेटियांना, इंग्रजांनी राजनिष्ठेच्या बदल्यात गावेच्या गावे फुकट दिली, असे सर्रास सांगितले जाते. साष्टी बेटावरच्या खोतीचा, म्हणजे सारावसुलीच्या हक्कासह गावे देण्याच्या पद्धतीचा, इतिहास इतका सरळ नाही. १८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला, मरोळ, सहार आदी गावे मिळाली, ती अपोलो दरवाजाजवळच्या त्यांच्या जमिनीच्या मोबदल्यात. फ्रामजी कावसजी बनाजींची पवई कायमपट्ट्याची होती. तिथे त्यांनी पदरचे भांडवल घालून ऊस आणि तुतीची लागवड केली. पडीक जमीन कसायला काढणारा पैसेवाला माणूस ईस्ट इंडिया कंपनीला हवाच होता.

ही गावे आजही त्या घराण्यांच्या हाती अखंड आहेत, हा दुसरा समज. साष्टीच्या इस्टेटींसाठी १९५१ मध्ये खास कायदा झाला आणि तोवर उपयोगात न आणलेली पडीक जमीन सरकारजमा झाली. उपयोगात आणलेली जमीन कोणती, यावरचे दावे पुढे वर्षानुवर्षे चालले. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जागेवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला. विक्रोळीची गोदरेज यांची विस्तीर्ण जमीन तर कंपनीची देणगी नव्हेच. ती १९४० च्या दशकात विकत घेतलेली आहे, आणि तिच्या मोठ्या भागावर खारफुटी असल्याने तिथे बांधकाम करता येत नाही.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज गिरगाव-काळबादेवीतल्या घरमालकांविषयी आहे. मोक्याच्या जागी चार चाळी, म्हणजे मालक गडगंज! प्रत्यक्षात १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. म्हणजे तेव्हाचे शंभर रुपये पंचवीस वर्षांनी तीनशेलाही पोचत नाहीत. त्याच कायद्याने पागडीही, म्हणजे खोली घेताना दिली जाणारी एकरकमी रक्कमही, अधिकृत केली. खोली हस्तांतरित होताना मालकाला रिवाजाप्रमाणे हिस्सा मिळतो, पण ताबा भाडेकरूकडेच राहतो. त्यात म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये भर पडली : सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर लागू असलेली जुनी) इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादित करता येते. याच तरतुदीवरच्या वादातून घटनेचा प्रश्न निघाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचे भौतिक साधन मानता येणार नाही.

नवरोज बाग, खुसरो बाग, रुस्तम बाग या वसाहती वाडिया कुटुंबाच्या खासगी मिळकती आहेत, असेही अनेकांना वाटते. जेरबाई वाडियांच्या दानातून उभ्या राहिलेल्या या बागा न्यासाच्या आहेत, आणि सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मलबार हिलवरचा होमी भाभांचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात गेला. ते पैसे मात्र भाभा घराण्याला मिळाले नाहीत. बंगला बंधू जमशेद भाभांकडून एनसीपीए (राष्ट्रीय प्रयोगात्म कला केंद्र) या संस्थेकडे आला होता आणि विक्रीही त्याच संस्थेने केली.