मिशनऱ्यांचा मे महिना

मे महिना म्हटला की मराठी घरात आंब्याच्या पेट्या आणि मामाच्या गावाच्या गप्पा सुरू होतात. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत राहणाऱ्या पाद्र्याच्या घरातही मे असाच दिवस मोजून गाठला जाई. फक्त तिथं प्रश्न असे, यंदा कुठल्या डोंगरावर? महाराष्ट्रातले मिशनरी महाबळेश्वर गाठत, मद्रासकडचे उटी, कुन्नूर किंवा कोडाईकनाल. बंगळूरकरांचं जरा वेगळं होतं. हे शहर स्वतःच समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर वसलेलं. मद्रासच्या उकाड्याला कंटाळलेले लोक हवापालटाला इथंच येत. म्हणजे बंगळुरातल्या मिशनरी कुटुंबाला उन्हाळ्यात पाहुण्यांची सरबराईही करावी लागे, आणि जमलंच तर स्वतः आणखी उंचावर जावं लागे.

मिशनऱ्यांचे इतिहास लिहिणारे प्रवचनं, बाप्तिस्मे आणि शाळा मोजतात. बंगळुरात राहून या मंडळींच्या खुणा पाहताना माझं मत वेगळं होत गेलं. ज्या दिवसांचा हिशेब त्यांनी वरिष्ठांना दिला, त्यांच्यापेक्षा प्रवासातले, सुट्टीतले, मुलांना निरोप देण्याचे दिवस पुढे जास्त फळले.

राईस कुटुंबाचंच घ्या. लंडन मिशनरी सोसायटीचे बेंजामिन राईस १८३७ मध्ये बंगळुरात आले आणि १८८७ मध्ये इथंच वारले. मद्रासहून इथवरचा प्रवास तेव्हा पालखी नाहीतर बैलगाडीनं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे छावणीपर्यंत आली ती १८६४ मध्ये. राईस कन्नड शिकले, कन्नड बायबलच्या दुरुस्तीत त्यांचा हात होता; त्यांच्या पत्नी जेन मुलींच्या शाळेसाठी झटल्या. आज ॲव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत, त्यांच्या नावाचं चर्च उभं आहे. पाठ्यपुस्तकं शोधायला आलेली पोरं त्याच्या फाटकाजवळून जातात. वर मान करून नाव कोण वाचतो!

पण या घराचं खरं देणं मुलाकडून आलं. ल्युइस राईसचा जन्म १८३७ चा, बंगळुरातलाच. शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला धाडलं. १८६० मध्ये तो परतला तो बंगळूरच्या हायस्कुलाचा मुख्य म्हणून. पुढे शाळातपासनीस झाला आणि म्हैसूर संस्थानातली गावं पालथी घालू लागला. बापाचं फिरणं उपदेशासाठी, मुलाचं शाळा तपासण्यासाठी. वाटेत देवळांच्या भिंतींवर, तळ्यांच्या काठावर, शेताच्या बांधावर कोरलेले दगड दिसत. इतरांनी त्यांना टेकून विसावा घेतला असता. त्यानं ते वाचायला घेतले. १८८६ ते १९०५ या काळात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड निघाले आणि त्यांत सुमारे नऊ हजार शिलालेख एकत्र आले. कर्नाटकाच्या इतिहासाचा पाया ज्या कामावर आहे, ते पाद्र्याच्या पोराचं.

यात आपल्यालाही रस असायला हवा. १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो. पण मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळात शहाजीपुत्र एकोजीराजांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. भोसल्यांच्या बंगळुरातल्या वास्तव्याचा असा दगडी पुरावा समोर उभा असताना आमची मंडळी त्या देवळाजवळ गरम डोसा खाऊन परत फिरतात. मीही बरीच वर्षं तेच केलं.

ल्युइस परत आला म्हणून गोष्ट गोड वाटते. एरवी मुलांना दूर धाडणं ही मिशनरी घरातली सगळ्यात कडू चाल होती. पटकी, ताप आणि ‘इथल्या वळणाची’ भीती, म्हणून पोर पाच-सहा वर्षांचं झालं की जहाजावर चढवायचं, आणि मग वर्षानुवर्षं फक्त पत्रं. हर्मन गुंडर्ट हे बासेल मिशनचे, मल्याळम व्याकरण आणि कोश रचणारे मोठे पंडित. त्यांची मुलगी मारी १८४२ मध्ये तलशेरीला जन्मली, चिमुकली असताना युरोपात ठेवली गेली, आणि आईबापांकडे परतली ती वयात आल्यावर. पुढे तिचा मुलगा हर्मन हेस्से ‘सिद्धार्थ’चा लेखक झाला. आजोबांच्या घरातली भारताची आठवण त्या पुस्तकामागे आहे, असं म्हणतात. मला त्या आठवणीत आईचं एकटेपणही दिसतं.

मुलं जवळ ठेवायची तर डोंगरावर किंवा निदान थंड हवेच्या गावात शाळा हवी. मसुरीचं वुडस्टॉक (१८५४), कुन्नूरचं हेब्रन (१८९९), कोडाईकनालची शाळा (१९०१) यांच्यामागे ही गरज मोठी होती. बंगळुरातही बिशप कॉटन (१८६५) आणि बाल्डविन (१८८०) या शाळा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी निघाल्या. आज त्यांच्या दारात प्रवेशासाठी रांग लावणारे पालक बहुतेक हिंदू असतात.

आता डोंगराकडे. महाबळेश्वरचं उदाहरण आपल्या ओळखीचं. अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्हज प्रकृतीसाठी तिथं जाऊन राहिले आणि हवापालटाची जागा मिशनचं ठाणंच होऊन बसली. दक्षिणेत मात्र सुट्टीतून निराळं काही निपजलं. खाली मैदानात प्रत्येक मिशनचा आपापला जिल्हा असे. लंडनवाले बल्लारी-बेळगावात, बासेलवाले धारवाड-हुबळीत, वेस्लियन म्हैसूरकडे. वर्षभर एकमेकांचं तोंड दिसत नसे. उटीच्या बंगल्यात मात्र शेजारच्या पडवीत वेस्लियन, समोर लुथरन, आणि सगळ्यांची पोरं एकाच बागेत खेळताहेत. तिथं बाप्तिस्मा शिंपडून द्यावा की बुडवून, यावर किती दिवस भांडणार? १८५८ मध्ये दक्षिण भारतातल्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली ती उटीला, १९ एप्रिल ते ५ मे. तारखाच सांगतात की लोक आधीच वर आलेले होते. १८७९ ची परिषद जूनमध्ये बंगळुरात झाली. १९०८ मध्ये काही पंथांचं ‘साउथ इंडिया युनायटेड चर्च’ झालं, १९१० मध्ये अनेक मिशनांनी मिळून बंगळुरात युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज काढलं. चहाच्या टेबलावर सुरू झालेल्या गप्पा अभ्यासक्रमापर्यंत पोचल्या, असं मी मानतो.

आता दुसरी बाजू. या सुट्टीत कोण जाई? आया, खानसामा, पालखी उचलणारे भोई हेही डोंगर चढत, पण सुट्टीवर नव्हे. आणि देशी पाद्री, शिक्षक, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया यांच्यासाठी डोंगरावर बंगला नव्हता. साहेब वर गेल्यावर ठाणं सांभाळायचं ते यांनीच, वैशाखाच्या उन्हात. पगारात तर फरक होताच, पण सावलीतही होता.

म्हणून १९१९ चा मे मला फार बोलका वाटतो. त्या महिन्याच्या १ आणि २ तारखेला तरंगमबाडीला, म्हणजे ऐन समुद्रकाठच्या घामट हवेत, तेहतीस पाद्री जमले. दोघे सोडता सगळे भारतीय. बिशप व्ही. एस. अझरायांच्या पुढाकारानं त्यांनी पंथांच्या एकीचं आवाहन काढलं. युरोपातली भांडणं आमच्या माथी का, हा त्यांचा रोख होता. त्या आवाहनातून सुरू झालेल्या वाटाघाटी अठ्ठावीस वर्षं चालल्या आणि २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालं. उत्तरेकडच्यांना त्यासाठी १९७० पर्यंत थांबावं लागलं. नगर-साताऱ्याच्या जुन्या अमेरिकन मंडळ्याही त्याच ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त आल्या, स्थापना नागपूरला.

आज बंगळुरातल्या चर्चांमध्ये एप्रिल-मे आला की सुट्टीतली बायबल शाळा भरते. कागदी टोप्या, हातवारे करत म्हणायची गाणी, कन्नड, तमिळ, इंग्रजी बोलणारी पोरं, आणि दुपारी पिशवीत चिक्की. सप्टेंबरात शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकेत ८ तारखेच्या जत्रेला भगव्या साड्या नेसलेल्या बायांची रीघ लागते. त्यात कोण कुठल्या धर्माची, हे विचारायची पद्धत नाही. मिशनरी कुटुंबं केव्हाच परत गेली.

आणि १९१९ च्या त्याच मे महिन्यात, तरंगमबाडीची बैठक संपून आठवडा होत होता तेव्हा, ९ तारखेला मुंबईत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक वारले. मिशनचा पगार त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडला होता. आपल्या मंडळीला नाव दिलं होतं ‘देवाचा दरबार’.