चिखलात चाक का रुतते?

वसई पूर्वेकडील गोखिवरे परिसरात पावसाळा स्थिरावला की भातखाचरांत घोटा बुडेल इतका चिखल होतो. अशा जमिनीत ‘एटीव्ही’ अर्थात क्वाड बाइक चालवायची, तर इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरची निवड महत्त्वाची ठरते.

साध्या टायरवरील नक्षी उथळ आणि दाट असते. तिच्या फटी चिकणमातीने भरल्या की टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. चिखलासाठीच्या टायरचे रबरी दाते उंच व विरळ असतात. चाक फिरताना मधला चिखल बाहेर फेकला जातो आणि पकड टिकते. ट्रॅक्टरमध्येही हाच फरक दिसतो. सर्वसाधारण शेतीकामाच्या ‘आर-१’ टायरपेक्षा भात व उसाच्या ओल्या शेतासाठी असलेल्या ‘आर-२’ टायरचे दाते जवळजवळ दुप्पट खोल असतात.

रुंदी मात्र चिखलाच्या तळावर ठरते. खाली कठीण थर असल्यास अरुंद, उंच टायर चिखल कापून तिथवर पोहोचतो. तळच न लागणाऱ्या दलदलीत कमी हवेचा रुंद टायर वजन पसरवून वाहन तोलून धरतो. हवा फारच कमी केली, तर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. खोल दात्यांचा टायर डांबरी रस्त्यावर हादरे देतो आणि लवकर झिजतो.

हेच दाते शेताचे बांध आणि खारफुटीची मुळेही उखडतात. जवळचे तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे टायर निवडण्याआधी जागा निवडणे आणि तिथली परवानगी घेणे अधिक गरजेचे ठरते.