तांब्याचे शहर ब्यूट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅनडाच्या सरहद्दीला लागून मॉन्टॅना नावाचे एक विस्तीर्ण राज्य आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग रॉकी पर्वताच्या रांगांनी व्यापलेला आहे. या रांगांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवर ब्यूट हे शहर वसले आहे. ‘ब्यूट’ म्हणजे सपाटीवर एकाकी उभी असलेली उंच टेकडी. शहराच्या पश्चिमेस अशी एक टेकडी आहे, तिच्यावरून गावाला हे नाव पडले. येथील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो व महिनेच्या महिने जमीन गोठलेली राहते. जवळ मोठी नदी नाही, जमीनही सुपीक नाही. तरीसुद्धा एके काळी या उजाड डोंगरउतारावर जगाच्या कानाकोपऱ्यातून हजारो माणसे येऊन राहिली. त्यांना येथे ओढून आणणारी वस्तू जमिनीच्या पोटात होती.

प्रथम ती वस्तू तांबे आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. इ.स. 1864 मध्ये येथील सिल्व्हर बो नावाच्या ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले आणि सोने शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. वाळू धुऊन सोने वेचणे हे काम सोपे, पण ते सोने लवकर संपते. दहा वर्षांच्या आतच गाव जवळजवळ ओसाड पडले. पुढे 1875 च्या सुमारास खडकात चांदी आढळली आणि गाव पुन्हा भरले. चांदीसाठी खणताना कामगारांना हिरवट-काळसर खनिज वारंवार लागे. चांदी काढताना त्याची अडचणच होई. त्यात तांबे आहे हे ठाऊक होते. परंतु रेल्वेपासून दूर असलेल्या डोंगरातून तांब्यासारखी स्वस्त धातू वाहून नेणे कोणाला परवडणार?

मार्कस डॅली हा आयर्लंडमधील एका गरीब कुटुंबातला मुलगा. वयाच्या पंधराव्या वर्षी तो अमेरिकेत आला आणि खाणीत काम करता करता खडकांची पारख शिकला. 1876 मध्ये एका चांदीच्या खाणीची पाहणी करण्यासाठी तो ब्यूटला आला आणि येथेच राहिला. पुढे त्याने ‘ॲनाकोंडा’ नावाची खाण धनिक भागीदारांच्या साहाय्याने विकत घेतली. 1882 मध्ये तीनशे फूट खोलीवर कामगारांना तांब्याची एक अतिशय समृद्ध शीर लागली. खोल जावे तसतशी ती अधिकच रुंद होत गेली.

ही शीर योग्य वेळी सापडली, असेच म्हटले पाहिजे. नुकतीच, 1881 च्या अखेरीस, ब्यूटपर्यंत रेल्वे येऊन पोचली होती. आणि ज्या वर्षी डॅलीला तांबे मिळाले, त्याच 1882 साली न्यूयॉर्क शहरात एडिसनचे वीज-केंद्र सुरू झाले. वीज वाहून नेण्यास तार हवी, आणि तारेसाठी तांब्यासारखी सोयीस्कर धातू दुसरी नाही. चांदी त्याहून उत्तम, परंतु ती फार महाग. तारायंत्र आले होतेच. आता टेलिफोन, विजेचे दिवे आणि विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्याही येऊ लागल्या. गावोगावी तारा पसरू लागल्या, तसतशी तांब्याची मागणी वाढत गेली. एके काळी जगात निघणाऱ्या तांब्यापैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या ब्यूटच्या डोंगरातून येत असे. ‘पृथ्वीवरील सर्वांत श्रीमंत टेकडी’ असे तिला लोक म्हणत.

डोंगरातून निघणाऱ्या खनिजात तांब्याबरोबर गंधक मिसळलेले असते. ते घालविण्यासाठी खनिज भाजावे लागे. आरंभीच्या काळात लाकडाच्या ओंडक्यांवर खनिजाचे ढीग रचून त्यांना गावातच आग लावीत, आणि ते ढीग अनेक दिवस धुमसत राहत. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या व सोमलाच्या धुराने आसपासची झाडे व गवत मरून गेले. काही दिवशी धूर इतका दाट होई की भर दुपारी रस्त्यावर दिवे लावावे लागत. छातीच्या विकारांनी माणसे मरू लागली, तेव्हा नागरिकांनी न्यायालयात धाव घेऊन ही पद्धत बंद पाडली. खाणमालक विल्यम क्लार्क याने मात्र 1889 मध्ये भर सभेत असे सांगितले होते की, धुरातल्या किंचित सोमलाने ब्यूटच्या स्त्रियांची कांती उजळते! डॅलीने आपली मोठी भट्टी ब्यूटपासून सव्वीस मैलांवर उभारली होती व तिच्याभोवती ॲनाकोंडा नावाचे नवे गाव वसविले होते. तेव्हा धूर नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्या गावी गेला.

खाणीत काम करण्यास प्रथम आयरिश आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील माणसे आली. कॉर्नवॉलचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम करीत आलेले. मांस व बटाटे भरलेली त्यांची कानवल्यासारखी पोळी आजही ब्यूटमध्ये आवडीने खाल्ली जाते. त्यांच्यामागून इटालियन, फिन, सर्ब, क्रोएशियन असे किती तरी लोक आले. चिनी लोकांची वस्ती तर आरंभापासूनच होती. खाणीतील धूम्रपानबंदीच्या पाट्या सोळा भाषांत लिहाव्या लागत, असे सांगतात.

जमिनीखाली या सर्वांचे जीवन सारखेच होते. लोखंडी मनोऱ्यावरून दोराने सोडलेल्या पाळण्यात बसून माणसे काळोखात उतरत. काही खाणी पुढे मैलभर खोल गेल्या. म्हणून ‘मैलभर उंच, मैलभर खोल’ अशी या गावाची म्हणच पडली. खोल खाणीत उष्णता असह्य होई, आणि घामाने भिजलेला माणूस वर येताच त्याला गोठविणारा वारा लागे. खडक फोडणाऱ्या यंत्रांतून काचेच्या भुकटीसारखी बारीक धूळ उडे. ती फुप्फुसांत साठून कित्येक कामगार ऐन तारुण्यात खोकून खोकून मरत. साडेतीन डॉलर रोजी हा त्या काळी चांगला पगार गणला जाई, आणि तो टिकविण्यासाठी कामगारांनी 1878 मध्येच आपली संघटना उभारली होती. पश्चिमेकडील खाणकामगारांचा मोठा महासंघही 1893 मध्ये ब्यूट येथेच स्थापन झाला.

वर मात्र धनिकांचे युद्ध चालले होते. डॅली आणि क्लार्क एकमेकांचे कट्टर वैरी बनले. सिनेटमध्ये जाण्यासाठी क्लार्कने 1899 मध्ये राज्याच्या आमदारांना पैसे चारले. चौकशी झाली आणि 1900 मध्ये त्याला जागा सोडावी लागली. सिनेटचे सभासद पुढे लोकांच्या प्रत्यक्ष मताने निवडले जावेत असा नियम 1913 मध्ये झाला, त्यामागील कारणांत या प्रकरणाचीही गणना होते. ऑगस्टस हाइन्झ हा तिसरा धनिक वयाने लहान, पण कायद्यात चतुर. जमिनीत उतरत जाणाऱ्या शिरेचा माथा ज्याच्या जागेत वर दिसेल, त्याला ती शीर शेजाऱ्याच्या जमिनीखालीही खणता येईल, असा अमेरिकेचा कायदा होता. हाइन्झने जागेचे लहानलहान तुकडे विकत घेतले आणि ‘माथा माझ्याकडे आहे’ असा दावा करून मोठ्या कंपनीच्या शिरा खणण्यास प्रारंभ केला. खटल्यांचा तर पाऊस पडला. जमिनीखाली दोन्ही पक्षांचे कामगार एकमेकांच्या बोगद्यांत वाफ आणि चुन्याची भुकटी सोडीत. 1903 मध्ये कंपनीने राज्यभरची आपली सर्व कामे एकाएकी बंद केली. हिवाळा तोंडावर आला असताना हजारो कामगार बेकार झाले, आणि कंपनीला हवा तो कायदा करण्यासाठी विधिमंडळाची खास बैठक बोलवावी लागली. तीन वर्षांनी हाइन्झने आपल्या खाणी विकून टाकल्या. त्यानंतर ब्यूटच्या डोंगरावर जवळजवळ एकाच कंपनीची सत्ता उरली.

पहिल्या महायुद्धात तांब्याला विलक्षण भाव आला व खाणी रात्रंदिवस चालू लागल्या. याच काळात, 8 जून 1917 रोजी, ब्यूटमधील सर्वांत भीषण अपघात घडला. एका खाणीत आगीपासून रक्षणासाठी पाण्याचे फवारे बसवावयाचे होते. त्यासाठी विजेची एक जड केबल खाली सोडीत असता ती निसटून पडली. तिची पाहणी करताना एकाच्या हातातील दिव्याची ज्योत केबलवरील तेलकट वेष्टनाला लागली. खाणीत हवा खेचणाऱ्या त्या विहिरीची जणू धुराडीच झाली आणि विषारी धूर बोगद्याबोगद्यांतून पसरला. त्यात 168 कामगार मरण पावले. बोगद्यांतील काही भिंतींना निसटून जाण्यासाठी दारे ठेवणे कायद्याने आवश्यक होते. पण त्या सलग काँक्रीटच्या बांधलेल्या होत्या, आणि पळणारी माणसे त्यांच्यावर जाऊन आदळली.

या प्रसंगी मॅनस डुगन या तरुण कामगाराने जे केले, ते आजही त्या गावात सांगितले जाते. आपल्यासोबतच्या माणसांना घेऊन तो एका बंद बोगद्यात शिरला आणि फळ्या, माती व अंगावरचे कपडे यांनी त्याने तोंड लिंपून घेतले. आत काळोखात, मोजक्या हवेवर ही माणसे दीड दिवस बसून राहिली. डुगनने तेथे बसून घरच्यांना चिठ्ठ्या लिहिल्या. आतील 29 जणांपैकी 25 वाचले. डुगन मात्र वाचला नाही. अपघातानंतर कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या बाजूने बोलण्यास आलेला पुढारी फ्रँक लिटल याला 1 ऑगस्टच्या पहाटे बुरखाधारी माणसांनी राहत्या जागेतून ओढून नेऊन फाशी दिले. त्या माणसांवर कधीच खटला झाला नाही.

पुढील काळात डोंगरातील समृद्ध शिरा संपत आल्या. 1923 मध्ये कंपनीने दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एक प्रचंड खाण घेतली. तेथील तांबे स्वस्त पडे. ब्यूटमध्ये उरलेला खडक असा होता की त्याच्या शंभर भागांत एक भागही तांबे नसे. तो बोगद्यांतून काढणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा 1955 मध्ये कंपनीने डोंगर वरूनच उघडा खणण्यास प्रारंभ केला. या खाणीचे नाव बर्कली. शेकडो माणसांचे काम एक यांत्रिक फावडे व काही अवजड ट्रक करू लागले. खड्डा रुंदावत गेला, तसतशा मीडरव्हिल, मॅक्वीन यांसारख्या जुन्या वस्त्या त्याच्या पोटात गेल्या. घरे, दुकाने, शाळा, सारे उठले. मुलांची आवडती ‘कोलंबिया गार्डन्स’ ही बागही 1973 मध्ये बंद झाली. ज्या खाणीवर गाव जगत होते, तीच गाव खात होती, आणि नोकरी हवी म्हणून पुष्कळांना हे मुकाट्याने पाहावे लागले.

1971 मध्ये चिलीने आपल्या तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले आणि कंपनीचा कणाच मोडला. 1977 मध्ये एका तेल-कंपनीने ती विकत घेतली. 1980 मध्ये ॲनाकोंडाची भट्टी बंद झाली, आणि 1982 मध्ये बर्कली खाणीतील काम थांबले. त्याच वर्षी 22 एप्रिल रोजी खाणींतील पाणी उपसणारे पंपही बंद करण्यात आले.

पंप थांबल्याचा परिणाम काय झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. खाण खोल गेली की भूगर्भातील पाणी तिच्यात झिरपते. म्हणून ते अखंड उपसावे लागते. उपसा थांबताच मैलोगणती बोगदे पाण्याने भरू लागले आणि मग तो उघडा खड्डाही भरू लागला. तेथील खडकात लोखंड व गंधक यांचे संयुग असते. हवा आणि पाणी लागले की त्यापासून गंधकाम्ल तयार होते. ते खडकातील तांबे, जस्त, सोमल विरघळवीत जाते. अशा रीतीने मैलभर लांबीच्या त्या खड्ड्यात लालसर, लिंबाच्या रसासारख्या आंबट परंतु विषारी पाण्याचे सरोवर तयार झाले. गमतीची गोष्ट अशी की, या पाण्यात इतके तांबे होते की त्यातून मोडके लोखंड ठेवून तांबे मिळवीत. लोखंड विरघळे आणि त्याच्या जागी तांब्याचा थर बसे.

नोव्हेंबर 1995 मध्ये दक्षिणेकडे निघालेला हिमहंसांचा एक थवा वादळात सापडून या सरोवरावर उतरला. काही दिवसांनी तेथे 342 पक्षी मेलेले आढळले. तेव्हापासून किनाऱ्यावर पहारा बसविण्यात आला. पक्षी उतरताच मोठे आवाज करून त्यांना उडवून लावतात. 2016 च्या नोव्हेंबरात मात्र बर्फाच्या वादळामुळे हजारो हंस एकाच वेळी उतरले. पहारेकऱ्यांनी आटोकाट प्रयत्न केला, तरी सुमारे तीन ते चार हजार पक्षी मेले.

सरोवराचे पाणी एका विशिष्ट पातळीपलीकडे चढले, तर ते ओढ्यात व विहिरींत मिसळेल, ही भीती होती. म्हणून 2003 मध्ये शुद्धीकरणाचे केंद्र उभारण्यात आले. तेथे पाण्यात चुना मिसळतात. आंबटपणा जातो आणि विरघळलेल्या धातू गाळ होऊन तळाशी बसतात. 2019 पासून सरोवराचे पाणी उपसून, शुद्ध करून सिल्व्हर बो ओढ्यात सोडले जाते. ज्या ओढ्यात पहिले सोने सापडले, तो ओढाही शंभर वर्षांच्या धातूच्या गाळाने भरला होता. 1908 च्या पुरात हा गाळ वाहत वाहत सव्वाशे मैलांवरील मिलटाउनच्या धरणात जाऊन साठला, आणि 1981 मध्ये तेथील विहिरींत सोमल आढळला. अखेर 2008 मध्ये ते धरणच काढून टाकावे लागले.

ब्यूट अजून नांदते गाव आहे. सुमारे पस्तीस हजार लोक तेथे राहतात. शेजारच्या दुसऱ्या उघड्या खाणीतून 1986 पासून, मध्यंतरीची काही वर्षे सोडता, तांबे व मॉलिब्डेनम निघत आहे. 1900 साली उघडलेली खाणशास्त्राची शाळा आता मोठे विद्यालय झाली आहे. जुन्या खाणींचे लोखंडी मनोरे वस्तीच्या मधोमध तसेच उभे आहेत. रात्री त्यांवर लाल दिवे लागतात आणि दूरच्या रस्त्यावरूनही दिसतात. तेथून जवळच, सरोवराच्या काठावर, शरदऋतू आला की पहारेकरी उत्तरेच्या आकाशाकडे पाहत बसलेले असतात.