जमीन आहे, पाण्याचे काय?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेती परवडत नाही ती केवळ तुकडा लहान म्हणून नव्हे, तर त्यात घालायला भांडवल आणि अवजारे अपुरी म्हणून, असे त्यांनी मांडले.

आपल्या समाजातील दोन एकरवाल्याची अडचण आजही हीच आहे. पावसाने दगा दिला की घरात वर्षाचे धान्य येत नाही. मग ऊसतोड किंवा शहर. त्याच रानात विहिरीला पाणी लागले, तर रब्बीची ज्वारी, हरभरा, भाजीपाला निघतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना नवी विहीर, पंपसंच, ठिबक यांसाठी अनुदान मिळते. मात्र सातबारा स्वतःच्या नावावर लागतो. गायरान कसणाऱ्यांचे घोडे इथेच अडते. त्यांना पीककर्जही मिळत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्यापुढचे काम आपले आहे. गावातल्या तरुणांनी घरोघर यादी करावी: सातबारा असलेल्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावेत, नसलेल्यांचे जुने पुरावे गोळा करून तहसीलमध्ये पाठपुरावा करावा.

जय भीम!